नाकाला जागा

"एवढा पांचट चहा केल्यावर माणूस पिणार कसा?" नणंदेनं ओट्याला पाठ टेकून विचारलं. "बाबांना तहान नाही असं नाहीये. तुझ्या चहाला चव नाहीये."

"ताई, एका कपाला तीन चमचे पत्ती घालते मी," सूनबाई म्हणाली. "तुमच्या भावाला घरचा चहा कडू लागतो म्हणून ते हल्ली बाहेर पिऊन कामावर जातात. आणि तुम्ही पांचट म्हणताय."

"मी नाही, बाबा म्हणतात."

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "चहाला काही झालेलं नाही. कप वाईट आहे."

"कपाला चव नसते, बाबा," दोघी एकदम म्हणाल्या. चार दिवसांत दोघींचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

नणंद भावापेक्षा पाच वर्षांनी मोठी. दूरच्या शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका होती. तिनं काही विचारलं की समोरच्याला उभं राहून उत्तर द्यावंसं वाटे. बाबांना दुसऱ्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा ती रजा टाकून आली होती, आणि येताना पर्समध्ये एका वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आली होती.

"हे बघ," ती म्हणाली, "आज रविवार. पुढच्या रविवारी मी निघणार. तोवर एक काय ते ठरवा. एक तर तू नोकरी सोडून घरी थांब, नाही तर बाबांना त्या वृद्धाश्रमात ठेवू. तिथे दर तासाला नर्स येऊन पाणी पाजते. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? दिवसाला सात-आठ ग्लास पोटात गेले नाहीत तर तिसऱ्यांदा इतक्या स्वस्तात सुटणार नाहीत."

"ऐकलंय."

"मग?"

सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीत बसून नखं कापत होता. बायकोनं नोकरी सोडावी की वडिलांना बाहेर ठेवावं, यातलं काहीच त्याला नको होतं, आणि काहीच नको असलं की तो नखं कापायचा. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीनं कामाला होता, पंधरा दिवस सकाळी, पंधरा दिवस दुपारी. त्यानं नोकरी सोडावी असं कुणी सुचवलं नव्हतं. त्यानं स्वतःही नाही.

"मला कुठल्या स्टॉपवर उतरवायचं ते ठरलं का?" बाबांनी बाहेरून विचारलं. "म्हणजे सामान हाताशी घेऊन बसतो."

सूनबाईनं आठ दिवसांची रजा घेतली होती. ती त्या दिवशी सुरू झाली.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकानात म्हणजे दुकानामागच्या खोलीत. पुढे आरसे, दिवे, फिरत्या स्टँडवर फ्रेमा. मागे बिनखिडकीची एक खोली, त्यात पाण्याची धार पडत राहणारं घासायचं चाक, एक टेबल आणि दोन स्टुलं. नंबराची काच गोल येते, बशीएवढी. ती फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत चाकावर घासायची, कड मारायची, फ्रेममध्ये बसवायची. नऊ वर्षांपूर्वी मशीन आलं, साधं काम तेव्हापासून ते करतं. पण वेड्यावाकड्या फ्रेमा, तारेवर लटकणाऱ्या बिनकडेच्या काचा, दोनदा मोडून तिसऱ्यांदा जोडलेले चष्मे अजून तिच्याच हातावर येत.

ती पंचवीस वर्षांची असताना नवऱ्याचा पंप चार महिने बंद होता, म्हणून चार महिन्यांसाठी ती लागली. पहिल्या दिवसांत तिनं इतक्या काचा फोडल्या की मालकांनी एक बरणी आणून ठेवली. "फुटलेल्या यात टाका बाई. बरणी भरली की तुम्ही घरी." बरणी गळ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. ती अजून कपाटावर आहे. चार महिन्यांची एकोणीस वर्षं झाली होती.

या कामानं तिला एक खोड लागली होती. कशाचीही कड दिसली की ती त्यावरून अंगठा फिरवायची. टेबलाची, ताटाची, नव्या बादलीची. भांड्यांच्या दुकानात ती एकेक पेला असा चाचपायची की तिची अठरा वर्षांची मुलगी लाजून रस्त्यावर जाऊन उभी राहायची.

काम आवडतं असं तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं. पगाराची गरज आहे, एवढंच सांगत आली. आता नवऱ्याचा पगार वाढला होता, घराचे हप्ते फिटले होते, आणि गरजेचं कारण चालेनासं झालं होतं. दुसरं कारण तिनं कधी तयार करून ठेवलं नव्हतं.

बाबा एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. चहा हा त्यांचा विषय. प्रत्येक डेपोच्या कँटीनमधला ग्लास त्यांना पाठ होता. जाड बुडाच्या अरुंद ग्लासातला चहा आधी ओठाला पोळतो, मग जिभेला कळतो. रुंद कपातला आधी नाकाला कळतो. आणि स्टीलच्या पेल्यातला कुणालाच कळत नाही, सरळ पोटात जाऊन बसतो, विनातिकीट. हे ते जेवताना सांगायचे आणि घरातले पोळी मोडत हूं हूं करायचे. नातीचं नाव त्यांनी 'तपासनीस' ठेवलं होतं, कारण लहानपणापासून तिला कुठलीही गोष्ट सांगितली की "कशावरून?" हा पहिला प्रश्न. पुढे सगळं घर तिला त्याच नावानं हाक मारू लागलं.

नऊ महिन्यांपूर्वी ते जिन्यावरून घसरले. मानेत धातूची पट्टी घालून मणके एकमेकांना जोडावे लागले. चालता यायला लागलं, बोलणं तर थांबलंच नव्हतं, पण मान सरळ राहिली ती राहिलीच. वर नाही, खाली नाही. वर्तमानपत्र कुणीतरी डोळ्यांसमोर उभं धरावं लागे.

आणि त्यांच्या नेहमीच्या ग्लासातून पिता येईना. अर्धा ग्लास झाला की पुढची कड नाकाला टेकायची. उरलेला अर्धा प्यायचा तर मान मागे टाकायला हवी, आणि ती जात नव्हती. बशीतून पाजलं तर हात थरथरून निम्मी बशी छातीवर. नळी आणली, तर म्हणाले, "नळीनं चहा प्यायला मी काय डास आहे?" शेवटी औषधाच्या दुकानातून आजारी माणसांचा कप आला. गोल पोटाचा, वर घट्ट झाकण, झाकणाला चोच. सांडायची भीती नाही. चोच तोंडात धरून कप पुरता कलंडवायचा तर कोपर खांद्याएवढं वर न्यायला लागे, तेवढं जाईना, म्हणून पाजायला दुसरा माणूस हवा. पण निदान पोटात जायचं.

महिनाभर गेलं. मग ते दोन घोटांवर आले. "फुळकवणी," म्हणायचे आणि तोंड मिटायचे. पाण्याचंही तेच. पाण्याला म्हणे प्लास्टिकचा वास.

फुळकवणी म्हटल्यावर सूनबाईनं पत्ती वाढवली. एकाचे दोन चमचे, दोनाचे तीन. साखर वाढवली. दूध जास्त आटवलं. चमच्यावर घेऊन चाखून बघायची, तर जीभ आवळून यायची. तेवढ्यात बाबांचा आवाज यायचा, फुळकवणी. घरात एकच पातेलं चढायचं, त्यामुळे बाकीच्यांनाही तोच चहा. नवरा बाहेर प्यायला लागला. तपासनीस आपल्या कपात गुपचूप गरम पाणी ओतायची. नणंदेनं तर आल्यापासून तो चहा तोंडाला लावलाच नव्हता, पांचट हे तिनं बाबांकडून ऐकलं होतं. बाबांना मात्र तहान मारायची सवय झाली. मग ताप, लघवीला जळजळ, सलाईन. दोनदा.

सोमवारी नणंदेनं चहा आपल्या हातात घेतला. "मी करते. बघू या."

तिनं मोजून एक चमचा पत्ती, एक चमचा साखर घालून चहा केला आणि चोचीच्या कपात भरून स्वतः बाबांना पाजायला बसली. बाबांनी दोन घोट घेतले. मुलीचं मन राखायला तिसराही घेतला.

"कसाय?"

"मनापासून केलायस."

"म्हणजे?"

"फुळकवणी आहे, पण मनापासून केलायस."

नणंद कप घेऊन आत आली. "त्यांच्या जिभेची चव गेलीये," तिनं जाहीर केलं. "वय झालं. म्हणजे आता कुणीतरी जबरदस्तीनं पाजायलाच हवं. तुझी नोकरी नाही तर तो आश्रम. फिरून तिथेच."

"जीभ गेली कशावरून?" तपासनीसानं विचारलं.

मंगळवारी तिनं परीक्षा घेतली. बाबांचे डोळे रुमालानं बांधले आणि त्यांना आधी कपातला एक घोट दिला, मग चोचीतला. बाबा म्हणाले, पहिला छान, दुसरा फुळकवणी. पुन्हा उलटसुलट करून दिला. पुन्हा बरोबर ओळखला. तपासनीस नाचायच्या बेतात होती, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "अगं, डोळे बांधलेस तरी ओठ उघडेच आहेत की. चोच लागली की कळतंच मला. ही परीक्षा रद्द कर."

"बघ," नणंद म्हणाली. "कपावर राग धरलाय त्यांनी. चवीचा काय संबंध?"

तपासनीसानं एक दिवस विचार केला. बुधवारी दुपारी चहा नणंदेनंच केला. तो झाल्यावर तपासनीस दोन भांडी घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. एक साधा रुंद कप, एक चोचीचा.

"आत्या, आईचा पांचट चहा तुला लगेच कळेल ना? मग कुठला कुणाचा ते सांग."

"आणि हे आजारी माणसाचं भांडं मी तोंडाला लावू?"

"उकळून घेतलंय. आजोबांची तक्रार आहे ती यातल्याच चहाची ना? मग यातूनच बघायला नको?"

मुख्याध्यापिकेला हे पटलं. तिनं आधी साध्या कपातला घोट घेतला. "हा माझा. दुपारचा." मग चोच तोंडाला लावली, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मान हलवत सूनबाईकडे वळली. "आणि हा तुझा. राग मानू नकोस, पण हेच म्हणत होते मी. नुसतं गोड गरम पाणी. तीन चमचे घालतेस म्हणे."

"दोन्ही तुझेच आहेत, आत्या," तपासनीस म्हणाली. "एकाच पातेल्यातले."

मग खुर्चीत बसलेले बाबा हसायला लागले. हसलं की त्यांची मान दुखायची, म्हणून ते मानेला हात लावून हसत होते.

नणंदेच्या बाजूनं एक सांगायला हवं. ती रागावली नाही आणि मला आधीच कळलं होतं असंही म्हणाली नाही. तिनं झाकण काढलं, चोचीच्या कपातला चहा साध्या कपात ओतला आणि पुन्हा प्यायली. "आता बरा आहे," ती हळूच म्हणाली. "हे काय गौडबंगाल आहे?"

सूनबाईनं तो कप धुतला, आपल्याला त्यात चहा घेतला आणि मोरीपाशी उभ्याउभ्या प्यायली. झाकण लावून प्यायली, तर गोड गरम पाणी. झाकण काढून प्यायली, तर चहा. झाकण लावलं, चहा गेला. झाकण काढलं, आला. तिनं नाक दाबून साध्या कपातून पिऊन पाहिलं, तिथूनही गेला.

"वासच जात नाही नाकात," ती म्हणाली. "चोच तोंडात असते आणि नाक झाकणावर. सात महिने बाबा नुसत्या जिभेनं चहा पितायत."

इतके महिने ती चमच्यावर चाखत होती. त्या कपाला घरातल्या एकाही निरोगी माणसानं कधी तोंड लावलं नव्हतं. आजाऱ्याचा कप होता, धुऊन वेगळा ठेवायचा असतो.

"मग झाकण काढूनच दे त्यांना," नणंद म्हणाली.

दिला. दुसऱ्या घोटाला कड नाकावर आली, बाबांनी मान मागे न्यायचा प्रयत्न केला, हात हलला आणि चहा सदऱ्याच्या गळ्यातून आत उतरला. नवऱ्यानं धावत जाऊन ओला टॉवेल आणला. छातीवर लाल पट्टा उठला होता. कारण कळलं होतं, पण पोटात काही गेलं नव्हतं. त्या दिवशी बाबा जेमतेम तीन ग्लास प्यायले, आणि फॉर्म पर्समधून निघून टेबलावर आला.

गुरुवारी दुकानातून फोन आला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बिनकडेच्या काचा होत्या, मशीनवर धरवत नव्हत्या. रजा असली तरी दोन तास येऊन जा, मालक म्हणाले. नणंद म्हणाली, "जा. शेवटचं म्हणून करून ये."

सूनबाईनं जाऊन चाक सुरू केलं. काचा झाल्या. दुसरी एक फ्रेम टेबलावर उताणी पडली होती, अजून काचा न बसवलेली. तिच्याकडे बघत सूनबाई हात पुसत राहिली. फ्रेम म्हणजे काय, दोन भोकं आणि मध्ये एक खोबण. गिऱ्हाईक आलं की काचेआधी ती खोबण बघायची असते. ती अरुंद असली तर चष्मा नाकावर चढून बसतो, रुंद असली तर घसरतो. नाकाला जागा मिळाली की मग बाकीचं. एकोणीस वर्षं ती चेहऱ्यापुढे काच धरत आली होती, आणि काच नाकाला लागत असेल तर नाक मागे घ्या असं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं दुकानातला पाणी प्यायचा काचेचा ग्लास घेतला, मेणाच्या पेन्सिलीनं त्याच्या एका बाजूला कडेपासून दोन बोटं खोल अर्धचंद्र काढला आणि चाकावर धरला. अर्धा अर्धचंद्र होईस्तोवर ग्लास तळापर्यंत तडकला.

आवाज ऐकून मालक मागे आले. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "बरणीत टाका," ते म्हणाले.

शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून तिनं गरम सोसणारा जाड प्लास्टिकचा पेला आणला. सगळ्यांच्या कडा चाचपून त्यातला एक घेतला. पुन्हा अर्धचंद्र काढला. या वेळी चाक हळू फिरवलं, धार जास्त सोडली, आणि प्लास्टिक लोण्यासारखं उतरत गेलं. मग बारीक चाकावर कड गोल केली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"आता पेल्यांनाही नंबर लागायला लागले?" मालकांनी विचारलं.

"नंबर नाही. नुसती फ्रेम," बाई म्हणाल्या.

घरी येऊन तिनं पेला उकळत्या पाण्यात दोनदा काढला. नणंद बघत होती. "फुटका पेला आणलास सासऱ्यांना?"

"फुटका नाही, कापलाय."

त्यात अर्धा चहा भरून तिनं तो बाबांच्या दोन्ही हातांत दिला. बाबांनी पेला फिरवून पाहिला. कापलेली बाजू चोचीसारखी दिसत होती, म्हणून त्यांनी सरळ तीच ओठाला लावली. थोडा चहा तोंडात गेला, बाकीचा छातीवर, आदल्या दिवशीच्या लाल पट्ट्यावर.

"अगं आई गं," बाबा म्हणाले. "हे नवं काय काढलंयस?"

"उलटा धरलात," सूनबाई म्हणाली. चहा कोमट करूनच दिला होता हे नशीब. तिनं त्यांचा सदरा बदलला, पुन्हा अर्धा पेला भरला आणि त्यांच्या हातात फिरवून दिला. खाच वरच्या बाजूला, नाकापुढे. "असा. नाक आत जाऊ दे."

बाबांनी खुर्चीच्या हातांवर कोपरं टेकली आणि पेला कलता केला. पेल्याचं बूड वर जायला लागलं. मान होती तिथेच राहिली, नाक खाचेत शिरलं आणि पेला पुढे येत राहिला, कुठेही न अडता. त्यांनी घोट घेतला. थांबले. आणखी घेतला. मग पेला रिकामा होईपर्यंत थांबले नाहीत. रिकामा पेला मांडीवर ठेवून ते समोर भिंतीकडे बघत राहिले.

सगळे वाट बघत होते.

"सूनबाई."

"काय बाबा?"

"हा चहा आहे का काढा? किती पत्ती घालतेस?"

"तीन चमचे."

"एका कपाला? आणि ही साखर? सात महिने हे पाजत होतीस मला?"

नवरा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मी सांगत नव्हतो, कडू होतो म्हणून?"

सूनबाईनं आत जाऊन दुसरा चहा केला. एक चमचा पत्ती, अर्धा चमचा साखर. हात आपोआप पत्तीच्या डब्याकडे दुसऱ्यांदा गेला तो तिनं मागे घेतला. बाबांनी तोही पेला संपवला, आणि म्हणाले, "हां. याच्याकडे तिकीट आहे."

त्या रात्री ते पाणीही तीन पेले प्यायले. पाण्याला आता प्लास्टिकचा वास नव्हता का, असं तपासनीसानं विचारलं. बाबा म्हणाले, असेल, पण आता इतर वासही येतात, एकट्या प्लास्टिकचा येत नाही.

शुक्रवारी तपासनीसानं कॅलेंडरवर पेल्यागणिक रेघा मारल्या. सात. नणंदेनं त्या मोजल्या आणि म्हणाली, "सगळे घरात आहेत म्हणून. दुपारी एकटे असले की काय?"

प्रश्न रास्त होता. सूनबाईलाही तो पडला होता. शनिवारी दुपारी बारा वाजता तिनं बाबांच्या खुर्चीशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर वरून दाबायचा थर्मास, पाण्याचा तांब्या आणि कापलेला पेला. मग ती सगळ्यांना घेऊन बाहेर पडली आणि पाच वाजेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. काही काम नव्हतं. ते बागेत जाऊन बसले, आणि नणंद दर अर्ध्या तासानं घड्याळ बघत होती.

घरी आल्यावर थर्मास निम्म्याहून खाली होता, तांब्या रिकामा. नणंद आधी मोरीत गेली आणि तळ ओला आहे का ते बघून आली. मग खिडकीतल्या कुंडीची माती तिनं बोटानं दाबली. कोरडी होती.

"तपासणी झाली का?" बाबांनी विचारलं. "पास दाखवू? पुरावाच हवा असला तर अर्ध्या तासात देतो. संडासाच्या तीन फेऱ्या झाल्यात, चौथी तुमच्यासमोर."

"बाबा, काय बोलता."

"तो फॉर्म दाखव जरा."

तपासनीसानं फॉर्म त्यांच्या डोळ्यांसमोर उभा धरला. सुनेनंच काचा बसवलेला चष्मा लावून ते वाचत गेले. वय. आजार. शस्त्रक्रिया. एका ओळीशी थांबले. "'स्वतःच्या हातानं पाणी पितात का.' इथे 'नाही' लिहिलंय. खोडून 'हो' लिही."

"बाबा, अशा फॉर्मवर खाडाखोड चालत नाही," नणंद म्हणाली.

"मग फॉर्मच चालत नाही."

जेवणं झाल्यावर नणंद स्वयंपाकघरात आली. तिनं न सांगता भांडी विसळायला घेतली. "अगं, मी वाईटासाठी बोलत नाही," ती म्हणाली. "पेला चांगला केलास. माझ्या शाळेत असता तर प्रदर्शनात ठेवला असता. पण पेला स्वतःहून भरत नाही. रोज थर्मास कोण भरणार? पडला, फुटला तर? तुम्हाला आता पैशाची तशी अडचणही नाही. एकोणीस वर्षं केलंस, पुष्कळ झालं. आता का सोडत नाहीस, एवढं सांग."

सूनबाईच्या हातात कापलेला पेला होता. ती तो पुसत होती आणि अंगठा खाचेवरून फिरत होता. एका ठिकाणी, डाव्या टोकाला, कड किंचित बोचत होती. परवा लक्षात आलं नव्हतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी नणंदेची बॅग दाराशी उभी होती. टेबलावर फॉर्म, त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून मीठदाणी. नवरा खिडकीत, तपासनीस जमिनीवर, बाबा खुर्चीत. सूनबाईनं चहा आणला. नणंदेला रुंद कप, नवऱ्याला त्याचा उंच मग, बाबांना त्यांचा पेला, खाच वर करून. एरवी ती आपला चहा ओट्यापाशी उभ्यानं घ्यायची. आज तो घेऊन बाहेर आली, बाबांच्या शेजारच्या स्टुलावरचा थर्मास खाली ठेवला आणि स्टुलावर बसली. नवऱ्यानं घोट घेतला, मगात पाहिलं आणि पुन्हा घेतला.

"मी उद्यापासून कामावर जाणार आहे," ती म्हणाली. "नोकरी सोडणार नाही. पैशासाठी नाही. ते काम मला येतं आणि मला ते करायचंय. बाबा इथेच राहणार, तेव्हा ताई, फॉर्म परत घेऊन जा. सकाळचा थर्मास मी भरीन. दुपारचा, यांची सकाळपाळी असली की आल्यावर हे भरतील, दुपारपाळी असली की जाण्याआधी भरून जातील. संध्याकाळी मी येईपर्यंत तपासनीस बघेल. चहाला एका कपामागे एकच चमचा पत्ती पडेल, त्याहून कडक लागेल त्यानं आपला आपण करून घ्यायचा. आणि उद्या दुकानात मी असाच दुसरा पेला करून आणीन, एक धुवायला पडला तर अडायला नको. तो आला की हा दुकानात नेईन, डावीकडची कड अजून घासायची राहिलीये."